गॅलनमागचे पाच मैल

चाकणच्या कांद्याच्या बाजारामागे सोनबा सुताराचं छप्पर होतं. आधी तिथं नांगर, पाभरी आणि बैलगाड्यांची चाकं व्हायची. पुढे बाजारात मोटारी येऊ लागल्या, तसा सोनबा लॉऱ्यांचे साठे आणि फाळके, म्हणजे मागचे लाकडी सांगाडे आणि त्यांच्या उघडझापीच्या फळ्या, बांधायला लागला. शाळा त्याने दुसरीनंतर सोडली होती. आकडे त्याला येत होते, अक्षरं जेमतेम. पण एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने बायकोचं, मंजुळाबाईचं जातं उलटंपालटं करून ठेवलं होतं. का, तर पीठ नेमकं एकाच बाजूने का जास्त पडतं ते बघायला.

एकोणीसशे पंचावन्नच्या पावसाळ्यानंतर या छपराशी एक लष्करी गाडी येऊन उभी राहिली. चालवत होते यशवंतराव. सर्व्हे खात्यात तीस वर्षं नोकरी करून ते नुकते निवृत्त झाले होते आणि चिंचवडला घर बांधून राहिले होते. गाडी लढाईच्या वेळची, देहूरोडच्या डेपोतल्या लिलावात घेतलेली. मागे नुसती ताडपत्री होती.

"यावर घर बांधायचं आहे," यशवंतराव म्हणाले.

सोनबाने गाडीभोवती एक फेरी मारली. "घर म्हंजी? ऱ्हायचं?"

"राहायचं, स्वयंपाक करायचा, झोपायचं. मी आणि आमच्या दुर्गाबाई. तीस वर्षं मी देशाचे नकाशे काढले आणि ही घरी बसून माझी पत्रं वाचत राहिली. आता तिला ते सगळं दाखवायचं आहे. थेट कन्याकुमारीपर्यंत."

सोनबाने असलं घर कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. म्हणूनच तो लगेच हो म्हणाला.

आठ महिने काम चाललं. सागाचा सांगाडा, त्यावर प्लायवूड, वरून पत्रा. दोन बाकं, रात्री त्यांचे पलंग व्हायचे. स्टोव्हसाठी कप्पा, धक्के बसले तरी उघडणार नाहीत अशी कपाटं, जाळीच्या चार खिडक्या, छपरावर पाण्याची टाकी. दुर्गाबाई दर आठवड्याला यायच्या. आपल्या उंचीला ओटा किती हवा, ते त्या स्वतः उभ्या राहून दाखवायच्या. काम झालं तेव्हा अर्धं चाकण बघायला लोटलं. मंजुळाबाई आत जाऊन बाकावर बसली, कपाटं उघडून पाहिली आणि बाहेर येऊन नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आपल्या घरापरीस बरं हाय."

पहिली फेरी कोल्हापूरची झाली. घर कुठे कुरकुरलंसुद्धा नाही. पण गाडीला पेट्रोल फार लागलं. तरी यशवंतरावांनी ते मनावर घेतलं नाही. कन्याकुमारीचा बेत त्यांनी छप्पन्न सालच्या डिसेंबरातला ठरवला.

आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सुवेझच्या कालव्यावर लढाई जुंपली. कालवा बंद पडला, तेलाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. इकडे पेट्रोलचे दर चढले. काही पंपांवर मागाल तेवढं मिळेनासं झालं. चाकणचे लॉरीवाले रोज सकाळी सोनबाच्या छपराखाली चहा पिताना त्याचीच चर्चा करत. कुठल्या तरी दूरच्या कालव्यात जहाजं अडकतात आणि त्याने चाकणच्या कांद्याचं भाडं वाढतं, याचं सोनबाला मोठं नवल वाटायचं. तो प्रत्येकाला विचारायचा, "पर त्यो कालवा हाय तरी किती रुंद?"

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यशवंतराव आले. बेत रद्द केल्याचं सांगायला आले होते.

"जाऊन येऊन दोन हजार मैल," ते म्हणाले. "गॅलनला नऊ मैल जाते. या दरात माझ्या पेन्शनीतून हे जमणार नाही, सोनबा. घर तुम्ही छान बांधलंत. ते अंगणात उभं राहील, दुसरं काय."

सोनबा लाकूड रंधत होता. तो थांबला. "घर न्हवतं तवा गाडी किती जायची?"

"लिलावातून आणली तेव्हा चौदा जात होती."

"मंग पाच मैल कोण खातंय?"

यशवंतराव हसले. "वजन. दुसरं कोण?"

"तुमी मोजलं?"

तीस वर्षं मोजण्यातच गेलेल्या माणसाला हा प्रश्न लागायचा तिथं लागला. दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊनच आले. बरोबर दुर्गाबाईही होत्या.

मोजायची युक्ती यशवंतरावांनी काढली. गाडीची टाकी बंद करायची आणि ड्रायव्हरशेजारी बरोबर एक गॅलनचा डबा टांगायचा. त्याची रबरी नळी थेट इंजिनाला जोडायची. चाकणच्या वेशीवरून निघायचं आणि नाशिक रस्त्याने पुण्याकडे जात राहायचं. डबा संपून गाडी थांबेल तिथे मैलाचे दगड मोजायचे. परतीचं पेट्रोल वेगळ्या डब्यात. पहिल्या दिवशी मोशी ओलांडल्यावर, भोसरी यायच्या आधी गाडीने मान टाकली. नऊ मैल, एक फर्लांग, म्हणजे नऊ मैल आणि वर मैलाचा आठवा भाग.

मग वजन उतरवलं. बाजारातला पोती तोलायचा काटा सोनबाने मागून आणला आणि घरातली एकेक वस्तू त्यावर चढू लागली. लोखंडी पेटी, पुस्तकं, सर्व्हेची दुर्बीण आणि तिची तिपाई, जी यशवंतरावांना कुठेही न्यायची नव्हती पण सोडवतही नव्हती. दुर्गाबाईंची पितळेची भांडी काट्यावर आली तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "माझी ॲल्युमिनियमची चालतील. पण तुमची ती तिपाई आधी उतरवा." सहा मण ओझं बाहेर निघालं. सोनबाने दोन जाड फळ्या काढून तिथे पातळ बसवल्या.

गाडी पुन्हा निघाली आणि पहिल्या जागेच्या थोडी पुढे जाऊन थांबली. दहा मैलांना एक फर्लांग कमी.

"सहा मणांचा एक मैलसुद्धा न्हाई," सोनबा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. यशवंतरावांचा पडला होता. "म्हंजी खाणारा दुसराच कुणीतरी हाय."

त्या महिन्यात सोनबाचं बाकीच्या कामात लक्ष नव्हतं. एका लॉरीवाल्याचा फाळका दहा दिवस पडून राहिला. यशवंतराव आठवड्यातून दोनदा यायचे, कधी हळू चालवून बघायचे, कधी जोरात. ताशी वीस मैलांनी गाडी हाकली तर गॅलनला बारा मैल जायची, पस्तिसाने हाकली तर जेमतेम साडेनऊ. वजन दोन्ही वेळेला तेवढंच. म्हणजे वेग वाढला की ज्याची भूक वाढते असं काहीतरी होतं. पण काय, ते दोघांनाही सांगता येईना.

ते मंजुळाबाईने दाखवलं. तसं दाखवायचा तिचा काही विचार नव्हता. माळावर वारा चांगला सुटला होता आणि ती हुलगे पाखडत होती. तेवढ्यात शेजारच्या छबूबाईने हाक मारली, म्हणून ती सूप हातात उभं धरून वळली. वाऱ्याने सूप असं काही ढकललं की ती दोन पावलं मागे गेली. मग तिने सूप आडवं केलं आणि चालू लागली. सोनबा ओसरीवरून बघत होता. तो उठून खाली आला.

"त्ये परत कर."

"काय परत करू?"

"सूप उभं धर. आता आडवं. आता परत उभं."

"हुलगं सांडतील माझं."

सांडले. पण सोनबाने सूप स्वतःच्या हातात घेऊन बराच वेळ वाऱ्यात फिरवलं. कधी सपाट, कधी तिरकं, कधी पाठ पुढे करून. पाठ पुढे केली की, म्हणजे फुगलेली बाजू वाऱ्याला दिली की, हाताला ओढ खूप कमी लागायची. छबूबाईने मंजुळाबाईला हळूच विचारलं, "बरं हाय न्हवं ह्यांना?"

आता सोनबाला स्वतः बांधलेलं घर वेगळं दिसू लागलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर तीन फूट उंचीची सपाट भिंत उभी होती, गाडीचं कपाळच. त्यावर पाण्याची टाकी. उभं धरलेलं सूपच ते, तेही ताशी तीस मैलांनी पळणारं.

तरी तो लगेच करवत घेऊन बसला नाही. आधी त्याला वारा डोळ्यांनी बघायचा होता. त्याने मंजुळाबाईकडून सुताची गुंडी मागून घेतली, वीतभर लांबीचे शेकडो दोरे तोडले आणि खळीने गाडीच्या अंगाला चिकटवले. पुढे, बाजूला, छपरावर, मागे. गाडी बाजारातून निघाली तेव्हा लोकांना वाटलं, कुठल्या तरी देवाचा नवस असावा. यशवंतराव चालवत होते. सोनबा दाराला धरून पायरीवर उभा राहिला होता आणि दुर्गाबाई आतून एकेका खिडकीतून डोकावून मोठ्याने सांगत होत्या.

"डावीकडचे सगळे थरथरतायत. मागच्या बाजूला गेलेत."

"कपाळावरचं?" सोनबा ओरडून विचारायचा.

"भिंतीला चिकटलेत. काही वर, काही आडवे."

मग त्या मागच्या खिडकीकडे गेल्या. मोशीच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरल्या.

"सोनबा, मागच्या दारावरचे दोरे उलटे उडतायत."

"उलटं म्हंजी?"

"गाडी पुढे जातेय ना? मग दोरे मागे उडायला हवेत. ते दाराला चिकटून पुढे येतायत, वर चढतायत. जणू वारा मागून गाडीत शिरायला बघतोय."

यशवंतरावांना हे खरं वाटेना. मग दुर्गाबाई पुढे पायरीवर उभ्या राहिल्या आणि सोनबा आत मागच्या खिडकीपाशी बसला. दोरे खरोखरच पुढे येत होते. ते का, हे तिघांनाही सांगता आलं नाही. सोनबाने ते मनात ठेवून दिलं आणि आधी कपाळाकडे वळला.

वारा कापायला कपाळावर बसवायचं पहिलं नाक त्याने फार मोठं केलं. कळकाच्या कामट्या वाकवून, त्यावर तरट ओढून, छपरापासून थेट इंजिनाच्या तोंडापर्यंत उतरवलं. दिसायला मोठं ऐटदार होतं. चार मैलांवर इंजिनाचं पाणी उकळून वाफेचा लोट उठला, कारण इंजिनाला लागणारी हवाच अडली होती. शेतात खुरपणाऱ्या बाया पळत रस्त्यावर आल्या. एकीने तांब्यात पाणी आणलं आणि दुर्गाबाईंना विचारलं, "चूल आत हाय की भाईर?"

सोनबाने ते नाक तिथेच सोडून काढलं. त्याला वाईट वाटल्याचं यशवंतरावांना दिसलं नाही. उलट परत येताना तो सबंध वाट बोलत होता. दुसरं नाक त्याने फक्त वरच्या भिंतीपुरतं केलं. पावाच्या पाठीसारखं गोल, आत सागाच्या पट्ट्या आणि वर पत्रा. पाण्याची टाकी त्याच्या पोटात नेली. कोपऱ्यांच्या धारा रंधून गुळगुळीत केल्या.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा डबा टांगला. वेग तीस मैल ठरवून ठेवला होता. मोशी गेली, भोसरी आली आणि गेली. भोसरीच्या बऱ्याच पुढे गाडी दोनदा अडखळली आणि थांबली. यशवंतराव उतरून दगडापर्यंत चालत गेले, फर्लांग पावलांनी मोजत परत आले.

"बारा मैल, सहा फर्लांग."

"आजून सव्वा मैल ऱ्हायला," सोनबा म्हणाला.

दुर्गाबाईंना हसू आलं. "अहो, आम्हाला एवढं पुरे आहे."

खरं तर तेवढंही पुरणार नव्हतं. फेब्रुवारीत दर आणखी चढले आणि वाचवलेल्यातलं बरंचसं त्यात गेलं. यशवंतरावांनी पुन्हा नकाशा उलगडला. मद्रासचा वळसा रद्द केला, म्हैसूर आणि उटी वगळली. ताशी पंचवीस मैलांच्या वर जायचं नाही असं ठरलं. आणि दुर्गाबाईंनी एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली, की सोनबाने बरोबर यायचं.

"एक माणूस वाढला तर पेट्रोल वाढेल बाईसाहेब," सोनबा म्हणाला. त्याला जायचं होतं. जुन्नर आणि पुणे यापलीकडे तो कधी गेला नव्हता.

"काट्यावर उभे राहा," दुर्गाबाई म्हणाल्या.

सोनबा दीड मण भरला. तेवढंच वजन कमी व्हावं म्हणून यशवंतरावांची लोखंडी अवजारपेटी आणि सुटी स्टेपनी काढायची की नाही, यावर नवराबायकोचा वाद झाला. शेवटी पेटी राहिली, स्टेपनीही राहिली, आणि सोनबाने अंगावरच्या कपड्यांखेरीज एक पटाशी, एक हातोडी आणि घोंगडी एवढंच घेतलं. मंजुळाबाई त्याला म्हणाली, "जावा. न्हाईतर हितं बसून माझं सगळं सूत तोडाल." तिने बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या. त्या काट्यावर चढवल्या नाहीत.

निघाल्यापासून सोळा दिवसांनी ते केरळात कोल्लमजवळ पोचले. वाटेत सोनबा गाडीखाली ताडपत्री अंथरून झोपायचा आणि सकाळी उठल्यावर गावातला सुतार शोधायचा. कानडी येत नव्हतं, मल्याळीही नाही. तो सुताराचा रंधा हातात घेऊन बघायचा, मग तो सुतार याची पटाशी बघायचा, आणि तेवढ्यावर अर्धा तास जायचा.

कोल्लमला पंपावर पेट्रोल नव्हतं. टँकर दोन दिवसांनी येईल असं कळलं. यशवंतराव वैतागले. दुर्गाबाईंनी खाडीच्या काठावर माडांखाली स्टोव्ह पेटवला आणि शेजारच्या बायकांकडून खोबऱ्याची चटणी शिकून घेतली. सोनबाला मात्र काठावर होड्या बांधणारा एक म्हातारा सापडला. तो फळ्यांना खिळा मारत नव्हता, काथ्याच्या दोरीने त्या शिवत होता. सोनबा दोन्ही दिवस तिथून हलला नाही. पहिल्या दिवशी त्याने नुसतं बघितलं, दुसऱ्या दिवशी त्याला सुई हातात मिळाली.

तिथे त्याच्या लक्षात आलं की होडी पुढे निमुळती असते तशीच मागेही निमुळती असते. पुढचं त्याला आता समजत होतं. मागचं का? त्याने खुणांनी विचारलं. म्हाताऱ्याने आधी एक आडवी फळी घेतली आणि पाण्यातून ओढली. फळीच्या मागे पाणी भोवरे करत उलटं फिरलं आणि त्यातला कचरा फळीच्या पाठीला येऊन चिकटला. मग त्याने दोन्हीकडून निमुळता असलेला लाकडाचा तुकडा ओढला. पाणी त्याच्या मागे नीट मिटलं.

सोनबा धावतच गाडीकडे आला.

"बाईसाहेब, दारावरचं दोरं," तो म्हणाला. "पाणी बी तसंच करतंय. मागं पोकळी ऱ्हाती, ती भरायला उलटं येतंय, आन् गाडीला मागं धरून ठेवतंय. त्यो सव्वा मैल मागच्या दारात हाय."

यशवंतराव त्याच्याबरोबर काठावर गेले. त्या म्हाताऱ्याने त्यांच्यासाठी पुन्हा फळी ओढून दाखवली. सर्व्हे खात्यातला माणूस गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून कितीतरी वेळ स्वतःच फळी ओढत राहिला.

टँकर आला आणि ते पुढे गेले. कन्याकुमारीला दुर्गाबाईंनी तीन समुद्र पाहिले आणि यशवंतरावांना म्हणाल्या, "तुमच्या पत्रात हा रंग नव्हता." परतीची वाट त्यांनी हळूहळू कापली. सदतीस दिवसांनी गाडी चाकणात शिरली तेव्हा सबंध प्रवासाची सरासरी साडेबारा निघाली. चढ-घाट धरून.

पुढच्या वर्षी ते गोव्याच्या हद्दीपर्यंत आणि एकदा नागपूरपर्यंत गेले. कालवा कधीच उघडला होता, पण पेट्रोलचे दर काही पहिल्या जागी आले नाहीत. अठ्ठावन्नच्या अखेरीस यशवंतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि लांबचे प्रवास थांबले. गाडी त्यांनी एका फिरत्या दवाखान्याला देऊन टाकली. ती मावळातल्या गावांतून हिंडायची. आतली कपाटं सोनबाने औषधांच्या बाटल्यांसाठी बदलून दिली, नाक तसंच राहिलं.

मागच्या दाराचं सोनबाच्या डोक्यातून गेलं नाही. एकोणसाठ साली पुण्याला दूध नेणाऱ्या एका व्यापाऱ्याची बंद गाडी त्याच्याकडे बांधायला आली, तेव्हा त्याने न विचारताच तिला पुढे गोल कपाळ आणि मागे चार फूट निमुळती शेपटी बसवली. पेट्रोल वाचलं, हे व्यापाऱ्यानेही कबूल केलं. पण शेपटीत कॅन मावत नव्हते आणि माल उतरवायच्या धक्क्याला गाडी मागून लावता येत नव्हती. महिनाभराने तो परत आला आणि शेपटी कापून द्या म्हणाला. सोनबाने कापून दिली. त्याने हुज्जत घातली नाही. माल भरायला अडचण होते हे त्यालाही दिसत होतं.

कापलेली शेपटी त्याने घरी नेली. मंजुळाबाईने तिला जाळी लावून कोंबड्यांचं खुराडं केलं आणि ते परसात ठेवलं. कोंबड्या आठ दिवस आत जायला तयार नव्हत्या, बाहेरच बसायच्या. माळावरचा वारा दिशा बदलायचा तशा त्याही हळूच फिरायच्या. नवव्या दिवशी सकाळी मंजुळाबाई दाणे टाकायला गेली तर सोनबा परसात उकिडवा बसलेला.

"काय बघताय?" तिने विचारलं.

"ह्या सगळ्या वाऱ्याकडं त्वांड करून बसत्यात," तो म्हणाला. "एक बी पाठ करून बसत न्हाई. म्होरं गोल छाती, मागं निमुळती शेपटी. कालपास्नं बघतोय."